गावची हवा मोजण्याचं काम: विदर्भातून नेहमी येणारे प्रश्न

हवा प्रदूषणावर संशोधन करू पाहणारे बीएस्सी-एमएस्सीचे विद्यार्थी, त्यांचे शिक्षक आणि गावात स्वस्त यंत्रं लावू पाहणारे गट यांच्याकडून तेच ते प्रश्न येतात. ते इथं एकत्र केले आहेत. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन आणि त्याहून बारीक कण, पीएम १० म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतचे. नुसता आकडा दिसला तर एकक मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर समजावं.

प्रदूषण शहरात असतं. खेड्यात मोजायला आहे तरी काय?

भरपूर आहे, आणि मोजलेलं फार थोडं आहे. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात विदर्भातून नागपूर, चंद्रपूर, अमरावती आणि अकोला आले. चारही शहरंच. चुलीच्या धुराकडे जगाचं लक्ष वेधणारा कर्क स्मिथ यांचा १९८३चा अभ्यास मात्र गुजरातच्या खेड्यांत झाला होता, स्वयंपाक करणाऱ्या बायांच्या अंगावर पंप लावून.

आपल्याकडे जिल्हा बदलला की धुराचा स्वभाव बदलतो. भंडारा-गोंदिया-गडचिरोलीत धानाचा पेंढा, राइस मिलचा कोंडा आणि मार्च-एप्रिलात मोहफुलं वेचायला झाडाखाली पेटवलेला पालापाचोळा. यवतमाळ, अमरावती, अकोल्याकडे जिनिंगची रुई, हंगाम संपल्यावर धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) पेटवलेली पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) आणि सोयाबीन काढताना थ्रेशरचं कुटार (भुसा). घुग्घुस, वणी, उमरेड पट्ट्यात कोळशाचे ट्रक. चंद्रपूर, कोराडी, मौदा, तिरोड्याला वीजकेंद्रं. आणि सगळीकडे चूल.

स्वस्त सेन्सर नेमकं काय मोजतो?

प्रकाश. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे अर्धे गोंधळ मिटतात. प्लँटॉवर किंवा सेन्सिरियन या कंपन्यांच्या काडेपेटीएवढ्या डबीत एक छोटा पंखा हवा ओढतो, लेझरचा झोत त्या हवेतून जातो, कणांवरून उडालेला प्रकाश बाजूचा डायोड टिपतो. त्या प्रकाशावरून वजनाचा अंदाज बांधतात. अंदाज बांधताना कण गोल आहेत, अमुक घनतेचे आहेत, अमुक रंगाचे आहेत असं कारखान्यानं आधीच धरून ठेवलेलं असतं. आपल्या हवेला त्याची खबर नसते.

यातून तीन गोष्टी निघतात. पहिली, धूर या सेन्सरला चांगला दिसतो, कारण धुराचे कण एका मायक्रॉनहून बारीक असतात आणि प्रकाश छान उडवतात. दुसरी, जाड धूळ त्याला जवळजवळ दिसत नाही. पंखा इतका मंद असतो की पाच-दहा मायक्रॉनचे कण आत वळण्याआधीच निसटतात. प्लँटॉवर पीएम १०चा आकडा दाखवतो खरा, पण तो बहुतांशी बारीक कणांवरून काढलेला अंदाज असतो. त्यावर शोधनिबंध लिहू नका. तिसरी, काळा कण प्रकाश उडवण्याऐवजी शोषून घेतो, म्हणून काजळीचं आणि कोळशाच्या भुकटीचं वजन कमी दिसतं.

म्हणजे वणीच्या रस्त्यावर ट्रकमागे धूळ उठते, डोळ्यांत जाते, अंगणातल्या धुण्यावर बसते, आणि यंत्र निवांत ४० दाखवत राहतं. यंत्र बिघडलेलं नाही. प्रश्नच चुकीच्या यंत्राला विचारला आहे.

मग कोळशाची धूळ कशी मोजायची?

फिल्टरवर पकडून वजन करायचं. पीएम १०साठी रेस्पिरेबल डस्ट सॅम्पलर, जो मिनिटाला साधारण १.१ घनमीटर हवा ओढतो. पीएम २.५साठी मिनिटाला १६.६७ लिटर ओढणारा सॅम्पलर आणि ४७ मिलिमीटरचा टेफ्लॉन फिल्टर.

गणित करून पाहा. मिनिटाला १६.६७ लिटर म्हणजे तासाला एक घनमीटर, २४ तासांत २४ घनमीटर. हवेत ६० मायक्रोग्रॅम असतील तर दिवसभरात फिल्टरचं वजन वाढतं फक्त १.४४ मिलिग्रॅम. मिठाची चिमूटही याहून कितीतरी जड. म्हणून फिल्टर आधी आणि नंतर २४ तास ठरलेल्या तापमानाला आणि आर्द्रतेला ठेवायचा, एक मायक्रोग्रॅम दाखवणाऱ्या तराजूवर तोलायचा, चिमट्यानंच उचलायचा. शिवाय दर दहा फिल्टरांमागे एक कोरा फिल्टर मोजणीच्या जागेपर्यंत नेऊन हवा न ओढता परत आणायचा. त्याचंही वजन वाढलेलं निघालं तर हाताळणीत चूक आहे. गावात दिवसातून पाच वेळा लाइट जाते, तेव्हा पंप किती तास चालला हे घड्याळ पाहून लिहायचं. '२४ तास' असं सवयीनं लिहिलेल्या वह्या फार दिसतात.

एक यंत्र जोडायला काय काय लागतं?

प्लँटॉवरचे पीएमएस ७००३ किंवा ५००३ सेन्सर दोन (दोन का, ते पुढं येईल), आकडे गोळा करायला ईएसपी ३२ बोर्ड, तापमान-आर्द्रतेसाठी एसएचटी ३१, वेळेसाठी डीएस ३२३१ आणि त्याची बटण-बॅटरी, मायक्रोएसडी कार्ड, प्लास्टिकचा जलरोधक डबा. ढोबळमानानं सौर पॅनेल आणि बॅटरीसकट आठ ते बारा हजारांत होतं. सरकारी स्वयंचलित केंद्राचा खर्च कोटीच्या घरात जातो, म्हणून तर ही सगळी खटपट.

पंख्याला ५ व्होल्ट लागतात, पण डेटाची तार ३.३ व्होल्टची आहे. तिथं ५ व्होल्ट दिले की सेन्सर गेला. सेन्सर ९६०० बॉडवर ३२ बाइटचा संच पाठवतो आणि शेवटच्या दोन बाइटमध्ये आधीच्या बाइटची बेरीज असते. ती जुळली नाही तर तो संच फेका. एकाच संचात दोन प्रकारचे आकडे येतात, 'सीएफ १' आणि 'वातावरणीय'. हवा स्वच्छ असताना दोन्ही सारखे, धूर वाढला की दीडपटीपर्यंत फरक. कोणता वापरला ते लिहून ठेवा आणि मधेच बदलू नका. सेन्सर झोपेतून उठवला तर पहिले ३० सेकंद सोडून द्या.

वीज कशी पुरवायची?

सेन्सर, बोर्ड, कार्ड मिळून सरासरी एक वॅट धरा. दिवसाला २४ वॅट-तास, कन्व्हर्टरची गळती धरून २८. आषाढ-श्रावणात सलग तीन दिवस ऊन पडत नाही, म्हणून ८० ते ९० वॅट-तासांची बॅटरी आणि किमान २० वॅटचं पॅनेल, जमल्यास ४०.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची घ्या. लॅपटॉपमधले साधे लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत असं त्यांच्या कागदावरच असतं, आणि मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीला सावलीतलं तापमानच ४५च्या वर जातं. बंद डब्यात तर विचारू नका. डबा पांढरा हवा, वर एक इंच अंतर सोडून पत्र्याची दुसरी टोपी हवी, पॅनेलच्याच सावलीत तो टांगला तर उत्तम.

डेटा पाठवायला एसआयएम ८००एल हे मोबाइल नेटवर्कचं मॉड्यूल घेणार असाल तर आधी गावातला टॉवर पाहा. हे मॉड्यूल फक्त टूजीवर चालतं, जिओचं जाळं फोरजीपासून सुरू होतं. शिवाय सिग्नल शोधताना ते क्षणभर दोन अँपिअर ओढतं आणि बोर्ड आपोआप रीस्टार्ट होतो. त्याच्याजवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की हा त्रास बहुतेक थांबतो. नाहीतर सरळ कार्डावर साठवा आणि पंधरा दिवसांनी जाऊन आणा. मिनिटाला एक ओळ धरली तरी वर्षाचा डेटा ५० एमबीच्या आत बसतो. महिन्यातून दोन चकरा झाल्याच पाहिजेत, कारण यंत्र बंद पडल्याचं घरबसल्या कळत नाही.

यंत्र कुठं लावायचं?

ते प्रश्नावर ठरतं. गावची हवा हवी असेल तर जमिनीपासून ३ ते १० मीटरवर, तिन्ही बाजूंनी वारा मोकळा, झाडाच्या पानोळ्यात नको, कुणाच्या चुलीच्या धुराड्यासमोर नको, डीपीखाली नको. ग्रामपंचायतीचं किंवा शाळेचं छत बरं पडतं. सुटीत शाळेचा मेन स्विच बंद करतात हे मात्र लक्षात ठेवा.

स्वयंपाकघरात मोजायचं असेल तर चुलीच्या काठापासून एक मीटर, जमिनीपासून दीड मीटर (बाई उभी असताना नाक येतं तिथं), दारं-खिडक्यांपासून दीड मीटर लांब. चूल पेटताना, विशेषतः गोवऱ्या ओल्या असल्या, आकडा १०००च्या वर जातो आणि बहुतेक स्वस्त सेन्सर तिथंच अडकतात. मग आलेखाचं टोक सपाट दिसतं आणि सरासरी खऱ्यापेक्षा कमी येते. सपाट टोक दिसलं की बातमी ती आहे, आकडा नाही. उन्हाळ्यात घरात कूलर असतो. त्याच्या तोंडासमोर यंत्र ठेवलं तर आर्द्रतेचा आकडा कूलरचा येईल, घराचा येणार नाही.

वीजकेंद्राच्या फाटकासमोर यंत्र लावून 'चिमणीचा धूर मोजला' असं म्हणता येत नाही. ५०० मेगावॅट आणि त्यावरच्या संचांची चिमणी २७५ मीटरची असते. तिचा धूर कित्येक किलोमीटर लांब उतरतो. फाटकावर दिसते ती राखेच्या ट्रकांची आणि रस्त्याची धूळ, तीही या सेन्सरला अर्धवटच दिसते.

आकडे वेडेवाकडे येताहेत. आधी काय तपासू?

घड्याळ. बोर्डाची वेळ ग्रीनिचची राहिली की संध्याकाळी साडेसहाचा चुलीचा धूर आलेखात दुपारी एकला दिसतो. त्यावर 'दुपारच्या प्रदूषणाची कारणे' असं प्रकरण लिहून होईपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

मग हवा आत जायची वाट. कोळी जाळं विणतो, आणि हलणारा धागा लेझरला कण वाटतो, म्हणून मधेच आकडा शेकड्यात उडतो. कुंभारमाशी भोकात मातीचं घर करते, तेव्हा आकडा दिवसेंदिवस खाली येत शून्याकडे जातो. जिनिंगजवळ रुईचे तंतू पंख्याला गुंडाळतात. एक मिलिमीटरची स्टीलची जाळी लावा, पण लावण्याआधी आणि नंतर एक-एक दिवस दुसऱ्या यंत्राशेजारी चालवून फरक पाहा. आत कधी ओल्या कापडानं पुसू नये. हातपंपानं हलकी हवा मारावी, कॉम्प्रेसरनं नाही.

दोन सेन्सर लावायचे ते यासाठीच. एकच असेल तर तो खोटं बोलतोय हे सांगणार कोण? तासाची सरासरी घ्यावी, आणि दोघांत २० टक्क्यांहून जास्त आणि ५ मायक्रोग्रॅमहून जास्त फरक असेल तर तो तास टाकून द्यावा. असे तास आठवड्यात वाढत गेले की सेन्सर बदलायची वेळ झाली.

वारंवार फाइल खराब होत असेल तर लिहिताना वीज जाते आहे. दर ओळीनंतर फाइल बंद करायला लावा.

पावसाळ्यात आणि धुक्यात आकडा का चढतो?

कण पाणी पिऊन फुगतात. आर्द्रता ७५-८० टक्क्यांच्या वर गेली की तेवढाच धूर जास्त प्रकाश उडवतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं (ईपीए) २०२१ साली प्लँटॉवर सेन्सरसाठी दिलेलं सूत्र सगळे उचलतात: दुरुस्त पीएम २.५ = ०.५२४ × सीएफ १चा आकडा − ०.०८६२ × आर्द्रता + ५.७५. सेन्सर १०० म्हणतो आणि आर्द्रता ६० असेल तर ५२.४ − ५.१७ + ५.७५, म्हणजे ५३. निम्म्यावर आलं! सूत्र चांगलं आहे, पण ते तिथल्या कणांवर बसवलेलं आहे. पऱ्हाटीच्या धुराला तेच लागू पडेल असं धरून चालू नका. आपलं सूत्र आपण बसवायचं.

ते कसं बसवायचं?

आपली सगळी यंत्रं प्रमाणित यंत्राशेजारी, त्याच उंचीवर, दोन-तीन मीटरच्या आत ठेवायची. याला को-लोकेशन म्हणतात. नागपूर आणि चंद्रपूरला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्वयंचलित केंद्रं आहेत. उपप्रादेशिक कार्यालयाला विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र द्या: यंत्रं किती, वजन किती, वीज कुठून, छतावर भोकं पाडणार का, डेटा कुणाला देणार. शेवटच्या दोन मुद्द्यांवरच पत्र अडतं. असं काम नवं नाही. मंडळ आणि आयआयटी कानपूर यांनी २०२०-२१मध्ये मुंबईत स्वस्त सेन्सर सरकारी केंद्रांशेजारी ठेवून तपासले होते.

एका वेळी ३० दिवस, आणि हिवाळा, उन्हाळा, पावसाळा असे तीनदा. फक्त जानेवारीत जुळवलेलं सूत्र मे महिन्यात कोलमडतं, कारण मे महिन्यात धूळ जाड असते. तासाच्या सरासऱ्या जुळवा, तीन आठवड्यांवर सूत्र बसवा आणि उरलेल्या आठवड्यावर तपासा. त्याच डेटावर बसवून त्याच डेटावर तपासलेलं सूत्र सगळ्यांचंच सुंदर येतं. उतार, छेद आणि सरासरी चूक तिन्ही द्या. नुसता आर-वर्ग (दोन्ही यंत्रांचे आकडे किती सोबत चढतात-उतरतात त्याचं माप) ०.९ लिहून भागत नाही. सेन्सर सतत दुप्पट दाखवत असला तरी आर-वर्ग ०.९ येऊ शकतो.

आकडा 'एक्यूआय' (हवेचा दर्जा निर्देशांक) म्हणून गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू का?

नको. आपल्या राष्ट्रीय निर्देशांकाला आठपैकी किमान तीन प्रदूषकं लागतात, त्यांत एक पीएम, आणि दिवसातले किमान १६ तास. तुमच्याकडे एकच आहे. 'पीएम २.५ची २४ तासांची सरासरी, दुरुस्त केलेली' असं लिहा आणि शेजारी भारताची मर्यादा ६० आणि जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची मर्यादा १५ द्या. एका मिनिटाचा आकडा या मर्यादांशी ताडू नका.

एमक्यू-१३५ हा स्वस्त गॅस सेन्सर लावला तर गॅसही मोजता येतील ना?

शाळेच्या प्रदर्शनात चालेल. तो अमोनियाला, अल्कोहोलला, धुराला, ओलाव्याला सगळ्यालाच हलतो. कोणामुळे हलला हे सांगत नाही.

उपग्रहावरून सगळं दिसतं म्हणतात. मग यंत्रं कशाला?

दिसतं, पण त्याच्या वेळेला. शेतातली आग दाखवणारा व्हिआयआयआरएस या उपग्रहावरच्या यंत्राचा ३७५ मीटरचा डेटा दुपारी आणि रात्री दीडच्या सुमाराचा असतो. आपल्याकडे धुरा पेटवतात दिवेलागणीला, आणि दहा वाजेपर्यंत तो विझतो. जून ते सप्टेंबर ढगच ढग. पण सेंटिनेल-५पी या उपग्रहाच्या डेटावर नायट्रोजन डायऑक्साइडची वर्षाची सरासरी काढून पाहा, मोठ्या वीजकेंद्रांचे ठिपके उठून दिसतात. हा डेटा फुकट आहे, आणि घरी बसून करायचा पहिला प्रकल्प म्हणून चांगला आहे.

यात करिअर करायचं तर शिकायचं काय?

बीएस्सीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्र, नाहीतर सिव्हिल-केमिकल इंजिनिअरिंग. यातून येणारे सगळेच टिकतात. आमचं मत विचाराल तर भौतिक किंवा रसायनातून आलेल्याला यंत्र लवकर कळतं. संख्याशास्त्र मात्र प्रत्येकाला कमीच पडतं, ते आधीपासून धरा. पायथॉन किंवा आर, थोडं क्यूजीआयएस आणि हातात सोल्डरिंग.

पुढं पीएचडी. नेट-जेआरएफसाठी पर्यावरणशास्त्रवाल्यांनी यूजीसीची, विज्ञानाच्या इतरांनी सीएसआयआरची परीक्षा द्यायची. रसायन, भौतिक किंवा पृथ्वी-वातावरण विज्ञान हे पेपर यात कामाचे. गेटमध्ये २०२१पासून पर्यावरणाचा वेगळा पेपर आहे. जेआरएफ १ जानेवारी २०२३पासून महिना ३७,००० आहे, दोन वर्षांनी एसआरएफ झाल्यावर ४२,०००, वर घरभाडं. जेआरएफची वयोमर्यादा ३० आहे, मुलींना आणि अनुसूचित जाती-जमाती, ओबीसींना पाच वर्षांची सूट. नेट निघाली नाही तरी बार्टी, सारथी आणि नागपूरलाच मुख्यालय असलेली महाज्योती यांच्या पीएचडी फेलोशिपच्या जाहिराती पाहत राहा. जातवैधता आणि नॉन-क्रिमीलेअर जाहिरात यायच्या आधी काढून ठेवा. यात गाडी चुकते.

संस्था घरापासून लांब शोधायला नको. नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) नागपुरातच आहे, १९५८पासून, आणि तिथून सीएसआयआरच्या अकादमीची (एसीएसआयआर) पीएचडी करता येते. व्हीएनआयटी आहे. पुण्याची हवामानशास्त्राची आयआयटीएम, आयआयटी मुंबईचा पर्यावरण विभाग, आयआयटी कानपूर आणि चुलीच्या धुराच्या कामासाठी चेन्नईची श्री रामचंद्र संस्था ही बाहेरची चांगली ठिकाणं. कानपूरच्या 'अमृत' प्रकल्पात उत्तर प्रदेश आणि बिहारच्या ब्लॉक-ब्लॉकला मिळून सुमारे १४०० सेन्सर लावले गेले. ग्रामीण जाळं कसं उभं राहतं ते पाहायचं तर ते काम बघा.

नोकरी मिळते का?

कायम सरकारी जागा मोजक्या आणि जाहिराती लांब-लांबच्या अंतरानं. प्रकल्प सहायकाच्या जागा वर्षभर निघतात, पण प्रकल्पापुरत्या. खासगी प्रयोगशाळा, सल्लागार कंपन्या आणि सेन्सर बनवणारे स्टार्टअप घेतात. तिथं पदवीपेक्षा फिल्टरचं वजन नीट करता येतं का आणि खराब डेटा ओळखता येतो का हे पाहतात.

गावकऱ्यांशी काय बोलायचं? मुकाट यंत्र लावून निघालं तर?

दुसऱ्या दिवशी तार तुटलेली सापडेल. सरपंच आणि सचिवांना पत्र, ज्यांच्या छतावर लावायचं त्यांची लेखी संमती, आणि स्वयंपाकघरात जायचं तर त्या घरच्या बाईची परवानगी, तिच्या नवऱ्याची पुरत नाही. डब्यावर मराठीत चिठ्ठी: हे काय आहे, कॅमेरा किंवा माइक नाही, कुणाला फोन करायचा. कारखान्याजवळच्या गावात 'हा कंपनीचा माणूस' किंवा 'हा कंपनीविरुद्धचा माणूस' असा शिक्का बसतोच. डेटा दोघांनाही एकाच दिवशी, एकाच कागदावर द्या. आलेख २४ तासांचा, छापील, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर. सकाळी सात आणि संध्याकाळी सात हे दोन उंचवटे बाया स्वतःच ओळखतात, आणि तिथून खरी चर्चा सुरू होते.

प्रकल्प संपला. यंत्रं काढून आणू का?

काढा, पण पेटीत टाकू नका. परत दोन आठवडे त्याच प्रमाणित यंत्राशेजारी ठेवा. वर्षभरात पंखा मंदावतो, काचेवर धूळ बसते, सूत्र सरकतं. किती सरकलं हे आत्ताच कळेल, पुढच्या वर्षी नाही. मग प्रत्येक डब्यावर मार्करनं लिहा: यंत्र क्रमांक, गाव, कधीपासून कधीपर्यंत, सूत्राची फाइल कोणती. बॅटरी वेगळी काढून अर्धी चार्ज करून थंड जागी ठेवा, आणि कार्डाची प्रत दोन ठिकाणी.